नाववाल्या बाबाची कॅन

“सोडू नको, सूनबाई! कॅन सोडू नको!”

नाव उलटली तवा बाबा एवढंच वरडून राह्यला होता. माह्या नाकातोंडात पानी, छातीशी झोयीत चार महिन्याची पोर, पायाखाली काहीच नाही. हात मारला का हातात पानीच ये. बाबानं पिवयी कॅन माह्या हनवटीखाली घुसवली, माहे दोन्ही हात धरून तिच्यावर दाबले अन् म्हने, “पोरीचं तोंड वर धर. मांगं पाहू नको.”

कॅन सोडू नको, हे तं त्याचं रोजचंच बोलनं. रोज तो हे हासत म्हने.

आमचं गाव धरनाच्या पान्याच्या या आंगाले, दवाखाना त्या आंगाले. रस्त्यानं मानोरा गावावरून फिरून जा म्हटलं तं अर्धा दिस जाते. म्हनून सारे बाबाच्या नावेनं जात. साठीच्या पुढचा मानूस, एक खांदा पडेल, तोंडात दात मोजके. तुमच्याई गावात असन असा एखादा बुढा. त्याची मस्करी सारे करतात अन् त्याच्याबिगर कोनाचं पान हालत नाही.

नावेत पाय ठेवला का तो खायच्या तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन घे. झाकनावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवयेल. लुगड्याच्या फाडेल पट्टीनं ती छातीवर बांधून दे. स्वताच्या छातीवरई एक. मंगच वल्हं उचले.

माही सासू म्हने, “बाबा, मी दवाखान्यात चालली, तेल आनाले नाही.”

“बांध वो माय. बुडल्यावर तुले कोन पुसन, कोठी चालली होती?”

एक डाव सरपंच कडक इस्तरीच्या कपड्यात आला. कॅन बांधत नाही म्हने. बाबानं वल्हं मांडीवर ठेवलं अन् बिडी पेटवली. “बसू मंग. पान्याले सरपंच वयखू येत नाही.” बांधली बाप्पा सरपंचानं! काठावरच्या बाया पोट धरधरून हासल्या.

मधात पोचलो का तो वल्हं थांबवे. “हे खाली माहं वावर हाये. इथं कापूस होये.” त्याचं वावर धरनात गेलं. पान्याखाली बाभयी तशाच उभ्या हायेत, त्याईचे खुट कोठी कोठी हायेत हे त्याले पाठ. खुटावर लाल चिंधी बांधून ठेवे. “हे बाभूय माह्या बापानं लावेल,” म्हने, अन् नाव तिच्या बाजूनं अशी काढे, जशी झोपेल मानसाच्या उशाजवून आपन जातो.

कॅन पयले नव्हती. पयले जिल्ह्याच्या हापिसातून नारंगी जॅकेटं भेटले होते, मोटारबोट भेटली होती. बाबाले पोहाचं, बुडेल मानूस काढाचं शिक्षन देल्लं होतं. लेकराईसाठी दोन इवलेशे जॅकेटंई होते. बाबा ते जॅकेटं धुवे, सावलीत वायवे, फाटलं का सुईदोरा घेऊन बसे. एकाची काख उसवली तं घरात हिरवा दोराच होता, त्यानंच शिवलं.

मंग एक दिस गाडी आली. निधी बंद झाला म्हने. बोट जिल्ह्याले जमा, जॅकेटं जमा. म्या तवा पोटुशी होती, काठावर धुनं धूत होती. बाबा गाडीच्या मांगं मांगं चाले. “सायेब, लेकराईचे तं ठेवा.”

“बजेटात बसत नाही बाबा.”

“बजेट पोहाले येते का, सायेब?”

गाडी गेली. दुसऱ्या दिसापासून बाबा घरोघरी तेलाच्या कॅना मांगत फिरला.

नाव उलटली त्या दिशी म्या पोरीले डोस द्याले गेली होती. दोन्ही मांड्याईत सुया टोचल्या. येता येता तिचं आंग तापलं, रडू रडू कायी-नियी पडली. पाजा लागत होतं, अन् छातीवर कॅन बांधेल. पानी आरशासारखं शांत. म्या पट्टी सोडली, कॅन बाजूले ठेवली.

“सूनबाई, बांध वो.”

“पाजते अन् बांधते, बाबा. दोन मिनिटं.”

त्यानं तोंड दुसऱ्या आंगाले फिरवलं, म्या पाजत होती म्हनून. थेच मिनिट. वाऱ्याचं वावधान आलं, नाव आडवी झाली, खुटावर आदयली अन् उलटली. माही कॅन वाऱ्यानं दूर गेली. माह्या हनवटीखाली त्यानं घुसवली ती त्याची होती.

“तुमी, बाबा?”

“मले पोहता येते.”

पडेल खांद्यानं त्यानं मले ढकलत ढकलत लाल चिंधीपावतर नेलं. म्या खुट धरलं. मांगं पाह्यलं तं पानीच होतं.

काठावरच्या लोकाईनं मले अन् पोरीले वर काढलं, जिल्ह्याच्या हापिसात फोन लावला. बोट हाये म्हने, चालवनारा कमी केला. दुसऱ्या दिशी दुपारी बोट आली. तवापर्यंत आमच्या मानसाईनं मासोयीचे जाये टाकून बाबाले काढलं होतं, आंगनात निजवलं होतं.

बोटीतले चारी जन नारंगी जॅकेटं घालून उतरले. एकाच्या काखेत हिरवा दोरा होता.

बोटीतल्या सायेबानं जबाब घ्याले मले खुर्ची देल्ली. म्या सारं खरं सांगतलं, कॅन म्या सोडली, मीनंच सोडली. त्यानं पेन थांबवला. “असं लिहिलं तर तुमच्यावर येईल, ताई. त्यापेक्षा नाव चालवणाऱ्यानं जॅकेट दिलं नाही असं लिहू. म्हातारा तर गेलाच.”

“जॅकेट तं तुमीच नेले,” म्या म्हटलं.

“ते या कागदात येत नाही.”

सातवी शिकेल हावो म्या. कागदातल्या अक्षरावर बोट ठेवू ठेवू वाचलं. बाबाचं नाव, अन् त्याच्या म्होरं निष्काळजीपणा, खाली माह्या सहीले जागा. मानूस मेला, आता त्याले परत बुडवून राह्यले, अन् हात माहा पाह्यजे त्याईले! म्या म्हटलं, पोर रडून राह्यली, अन् उठली. उद्या येतो म्हनले.

घरात मालक म्हनते, “कर ना सही. पोरीकडं पाह्य.” पाहूनच राह्यली. झोपली हाये, सुया टोचेल जागी अजून गाठ हाये. बाबाची कॅन खुटीले टांगेल हाये, पट्टीले त्यानं मारेल गाठ म्या सोडली नाही.

सकायी गाडी येईन. सही केली तं बाबा खोटा. नाही केली तं मले नेतात का पोरीपासून, कोन सांगन?

तुमी असत्या नावेत, लेकरू तापानं रडत असतं, तं तुमी काय केलं असतं? अन् सकायी तो कागद तुमच्या म्होरं ठेवला, तं काय कराल?