दुसऱ्याच्या टेबलावर संपणारी वाटी

कारखान्याच्या कॅन्टीनमधला आचारी लोकांच्या तोंडच्या कौतुकावर फुटक्या कवडीचाही विश्वास ठेवत नसे. "आज फक्कड जमलंय हं" म्हणणारेच अर्धं ताट कचऱ्यात लोटताना त्याने पाहिले होते. त्याचा भरवसा उष्ट्या ताटांवर. जेवणाची सुट्टी संपत आली की शेगडी सोडून तो भांडी घासायच्या खिडकीपाशी उभा राहायचा आणि परत येणाऱ्या ताटाताटांत डोकवायचा. कडेला बटाटे सारलेले दिसले की ते कच्चे राहिले. भात उरला आणि रस्सा संपला की उद्या रस्सा वाढवायचा. भांडी घासणारी मावशी म्हणायची, "आचारीबुवा, लोक हात बघून भविष्य सांगतात, तुम्ही खरकटं बघून सांगता!" ते त्याला कौतुकच वाटायचं.

घरीही तीच खोड. लग्न झाल्यापासून बायकोचं ताट हा त्याच्या अभिमानाचा विषय होता. बाई मनापासून खाणारी, पुन्हा मागून घेणारी, वर बोटं चाटणारी. पुढे तिचे गुडघे बोलायला लागले, जिना चढताना ती मध्येच कठडा धरून उभी राहायला लागली, तरी हा बहाद्दर म्हणायचा, "खाल्लेलं अंगी लागतंय, चांगलंच आहे की!" शेवटी तिने स्वतःच ठरवलं आणि पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. आतलं पोट केळ्याएवढं उरलं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून बजावलं. घास लहान, आणि तोंडात त्याचं पाणी होईपर्यंत चावायचा. आधी अंडं, मासा, दही, डाळ. जागा उरलीच तर बाकीचं. जेवताना पाण्याचा घोटसुद्धा नाही. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, तेही थोडं थोडं. साखर नको, फसफसणारं काही नको. आणि पोट भरल्यासारखं वाटलं की हातातला घाससुद्धा खाली ठेवायचा. आचाऱ्याने सगळ्याला मान डोलावली. शेवटचं वाक्य मात्र त्याच्या कानांतून आत गेलंच नाही.

आणि तिच्या वाटीत तर रोज काहीतरी उरायचं. तो तिच्यासमोर हनुवटीला हात लावून बसायचा आणि चमचा वाटीतून निघाल्यापासून तिच्या घशाखाली उतरेपर्यंत त्याच्यावरची नजर काढायचा नाही.

"खारट झालंय का?"

"नाही हो. पोट भरलं."

"एवढ्यात? दोनच चमचे राहिलेत. संपव की."

कधी ती संपवायची. मग हा दिवसभर शीळ घालत फिरायचा. कधी संपवायची नाही, मग त्याचं तोंड असं व्हायचं की जणू घरात कोणी आजारी पडलंय. त्याच्या हिशेबी गोष्ट सरळ होती. माणूस उरवतो म्हणजे चवीत काहीतरी कमी आहे. तीस माणसांची ताटं वाचणाऱ्याला एका बायकोची वाटी वाचता येत नाही म्हणजे काय?

एका सुट्टीच्या दिवशी त्याने भोपळ्याच्या सुपात गुपचूप साय घातली आणि चांगली मूठभर साखर. तिने चव घेतली आणि बऱ्याच दिवसांनी हसली. वाटी संपली. हा फुगून बसतो न बसतो तोच तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, आणि ती मोरीच्या फरशीवर गाल टेकून पडली.

"काय घातलं होतंत यात?" तिने विचारलं. त्याने सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारचं जेवण कामावरच घ्यायला लागली. मग संध्याकाळीही "खाऊन आलेय" म्हणत दारातून आत यायची.

काम म्हणजे चष्म्याच्या दुकानातलं काउंटर. मागच्या खोलीत काचा घासणारा एकजण बसायचा, त्याला सगळे भिंगवाले म्हणत. त्याचं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं होतं. आता घरात उठताबसता भिंगवाले! भिंगवाले म्हणतात, प्रत्येक घासाला चमचा खाली ठेवावा. भिंगवाले म्हणतात, पाण्याची बाटली जेवताना नजरेसमोरच नको. आचाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं, जिना ती एका दमात चढत होती, शेजारणी थांबवून विचारत होत्या. आणि या सगळ्याचं श्रेय एका काचा घासणाऱ्याला! याने जन्मभर रांधून घातलं ते कुठे गेलं?

त्याने चढाओढही करून पाहिली. तोही वाटीत जेवायला लागला, जेवताना पाणी प्यायचा नाही, बैलासारखा रवंथ करत बसायचा. "बघ, मलाही जमतं," म्हणायचा. बायको नुसती बघायची. कॅन्टीनमध्ये मात्र पिठाच्या पोत्यांमागे उभा राहून पावावर पाव हाणताना मावशीने त्याला पकडलं. "काय बुवा, घरी उपास आणि इथे वचपा का?" तो वसकन अंगावर गेला आणि मग आणखी एक पाव खाल्ला.

एका दुपारी त्याला राहवेना. दाढ दुखते असं सांगून त्याने पळी मावशीच्या हाती दिली आणि तडक चष्म्याच्या दुकानामागची गल्ली गाठली. वाटेत त्याने मनात काय काय चित्रं रंगवली! शिडशिडीत, गोरागोमटा भिंगवाला, त्याच्या हातात चमचा, तिच्या डोळ्यांत हसू. खिडकीच्या गजांतून आत बघितलं तर टक्कल पडलेला, हनुवटीखाली कातडं लोंबणारा एक गृहस्थ तिच्याकडे पाठ करून यंत्रावर वर्तमानपत्र पसरून वाचत होता. दोन वाट्या. बोलणं नाही, हसणं नाही. ती भिंतीवरच्या चष्म्यांकडे बघत सावकाश चावत होती. काय खात होती? दह्यात कुस्करलेलं उकडलेलं अंडं! त्यात मीठही धड नसेल. भिंगवाला उठला, आपली वाटी घेऊन निघून गेला, तिच्याकडे ढुंकूनही न बघता. तिने वाटीच्या तळाला चमचा फिरवला, मग बोट फिरवलं आणि ते चाटलं.

त्या दोघांनी हातात हात घातलेले दिसले असते तरी त्याच्या जिवाची इतकी आग झाली नसती.

संध्याकाळी चपला काढायच्या आतच त्याने तिला गाठलं. "त्या टकल्यासमोर वाटी चाटूनपुसून खातेस. माझ्यासमोर दोन चमचे जड होतात?"

"तुम्ही आला होतात?"

"आलो होतो! काय बोलतो तो एवढं?"

"जेवताना काहीच बोलत नाही."

"मग त्याच्यात असं आहे तरी काय?"

ती खुर्चीवर बसली. "अहो, मी खाल्लं काय आणि टाकलं काय, त्याला काडीचा फरक पडत नाही. आजवर एकदाही त्याने माझ्या वाटीत बघितलं नाही. तुमच्यासमोर मी थांबले की तुमचं तोंड उतरतं. ते बघवत नाही, म्हणून मी ते दोन चमचे गिळायची. आणि मग नळ सोडून मोरीत ओकायची."

"कधी?"

"ज्या ज्या दिवशी वाटी संपली त्या त्या दिवशी."

आचारी भिंतीला टेकला. शीळ घालत फिरलेले सगळे दिवस त्याच्या डोळ्यांसमोर आले, आणि त्या प्रत्येक दिवसामागे नळाचा आवाज. मग त्याने विचारलं, "उद्या घरी जेवशील?"

"तुम्ही बघणार नसाल तर."

दुसऱ्या दिवशी त्याने मासा वाफवला, काटे काढले, वाटी तिच्यासमोर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ पातेलं पुन्हा घासायला घेतलं. पाठीमागे चमचा वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. मग तो थांबला तो थांबलाच. किती उरलं? मान वळवायला एक क्षण पुरला असता. त्याने पातेल्याची कडा घट्ट धरली. तो टकल्या किती सहज पाठ करून बसतो! ना कष्ट, ना काळजी. आचाऱ्याला त्याचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता.

"झालं माझं," ती म्हणाली. "वाटी देऊ इकडे?"

"नको," तो पाठमोराच म्हणाला. "तूच विसळून ठेव."