माळावरचे बिनपंखी

आसेगावचा गुराखी चंपत कोवळ्या चाऱ्यासाठी दर शिमग्याला माळ पेटवायचा. बिनपंखी नाकतोडे दरसाल कमी दिसत, पण त्याच्या लेखी ती पिल्लं होती. मोठे उडून वाचतात, पुन्हा अंडी घालतात.

यंदा नागपूरहून किड्यांचा अभ्यास करणारे साहेब आले. चंपतनं सकाळी माळावरून आणलेला बिनपंखी नाकतोडा त्यांनी भिंगाखाली उलटा केला.

“हे पिल्लू नव्हे, पुरती वाढलेली मादी आहे. हिच्या जातीला पंख फुटतच नाहीत. अशी जात मी दुसऱ्या कुठल्याच माळावर पाहिली नाही. आता नर हवा. चल, जागा दाखव.”

चंपत जागचा हलला नाही.

“साहेब, मले वाटलं मोठे उडून जातीन.”

येतानाच त्यानं चारी अंगांनी माळ पेटवला होता. भिंगाखाली मादी तेवढी पाय झाडत होती.