पिवळ्या खुणांची वाट

जिना उतरताना ती उलटी उतरते, शिडीवरून उतरावं तशी, तोंड पायऱ्यांकडे करून. तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला तिला सात-आठ मिनिटं लागतात, वर जायला त्याहून कमी. चढ गुडघ्यांना चालतो, उतार चालत नाही. "दोन्ही गुडघे गेलेत," असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "गेले कुठं? गेले असते तर दुखले नसते."

नगरपालिकेच्या उद्यान खात्यात तिची सत्तावीस वर्षं झाली. खात्यातले बाकीचे गवत कापतात, कारंजी दुरुस्त करतात, बाकांना रंग देतात. हिच्याकडे डोंगर आहे. शहरामागच्या डोंगरावर चार पायवाटा जातात, आणि चारही सार्वजनिक आहेत. म्हणजे कुणीही, कुठल्याही दिवशी, कुणाला न विचारता तिथून चालावं. त्या वाटांवरच्या दगडांवर आणि खोडांवर पिवळे पट्टे मारायचे, आडव्या पडलेल्या फांद्या हटवायच्या, वाहून गेलेली पायरी पुन्हा बसवायची, हे तिचं काम. हजेरीपटावर तिचं नाव आहे, पण ते फक्त हजेरी घेणाऱ्यालाच माहीत. बाकी सगळ्यांची ती पिवळीमावशी.

खूण मारायची एक रीत असते. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे. आणि प्रत्येक खूण दोनदा मारायची: एकदा चढणाऱ्यासाठी, एकदा दगडाच्या मागच्या अंगाला, परतणाऱ्यासाठी. नवीन माणूस ही दुसरी खूण हमखास विसरतो. मावशी कधी विसरली नाही. जाताना फारसं कुणी चुकत नाही, माणसं चुकतात ती घरी येताना.

तिची चूक वेगळी होती. तेवीस वर्षांपूर्वी, दाट धुक्याच्या एका सकाळी, ती तिसऱ्या वाटेवर रंगाचा डबा घेऊन चालली होती. फुटक्या कातळापाशी वाट डावीकडे घळीत उतरते आणि मग झऱ्याच्या कडेनं उभी वर चढते. धुक्यात घळ दिसलीच नाही. उजवीकडे शेळ्यांची एक मळलेली वाट होती, ती डोंगराच्या खांद्यावरून आरामात वळसे घेत वरच्या तळ्याशी जाते. मावशी तिच्यावरून खुणा मारत गेली. एक दगड, दोन बाजू. पुढचा दगड, दोन बाजू. चाळीस खुणा झाल्यावर धुकं विरलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण फळबागेत उभे आहोत. दुसऱ्याच्या जमिनीत.

बागेचा मालक म्हातारा होता. हातात पाण्याची बाटली घेऊन तो झाडाखाली बसला होता आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत असावा.

"काय रंगवताय बाई?"

"चुकले काका," ती म्हणाली. "वाट घळीतून आहे. मी तुमच्यात घुसले. उद्या घासून काढते सगळं."

म्हाताऱ्यानं बाटली पुढं केली. "कशाला काढता? घळीतून माकडं जातील, माणसं कशाला जातील? येऊ द्या लोकांना इकडून. माझी परवानगी आहे, जा. फक्त फळं तोडू नका म्हणावं."

तिनं पाणी प्यायलं आणि रंगाचा डबा बंद केला. ही गोष्ट तिनं त्या वेळच्या साहेबांना तोंडी सांगितली. ते म्हणाले, "मग राहू दे, रंग तर वाळलाय." कागदावर कुणी काही लिहिलं नाही. साहेब यथावकाश निवृत्त झाले आणि गेलेही.

नंतर त्या वाटेनं जे केलं ते इतर तीन वाटांना जमलं नव्हतं. उरलेल्या वाटांवर तरुण पोरं धापा टाकत जातात आणि फोटो काढून खाली येतात. खांद्यावरच्या वाटेनं सगळं गाव वर जायला लागलं. पोटुश्या बायका गेल्या. चपलांच्या दुकानातल्या दोघीजणी सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन तळ्यावर जायच्या आणि पाण्यात पाय सोडून बसायच्या. आठवडाभर दुसऱ्यांचे पाय हातात घेतल्यावर स्वतःचे असे मोकळे सोडायला बरं वाटतं, असं त्यांतली एक म्हणायची. आणि मास्तर. मास्तरांचा डावा पाय अपघातानंतर दोन बोटं आखूड झालेला. शाळेत असताना मुलांना नकाशातले डोंगर शिकवले, स्वतः एकही चढले नव्हते. निवृत्तीनंतर काठी टेकत टेकत, पावणेदोन तास घेत, ते पहिल्यांदा तळ्याशी पोचले तेव्हा मावशी तिथं रंग देत होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढून पुसला. त्यानंतर दर रविवारी यायला लागले.

म्हातारा बागवाला दोन वर्षांपूर्वी वारला. बाग पुतण्याकडे आली. पुतण्या वाईट नाही. त्यानं नवी कलमं लावली, ती रविवारी येणाऱ्यांच्या कुत्र्यांनी उकरली. त्यानं पाटी लावली, ती कुणीतरी तळ्यात फेकली. मग त्यानं वाट बंद करण्यासाठी नगरपालिकेकडे अर्ज केला.

कायदा सोपा होता. वीस वर्षं लोक उघडपणे एखाद्या वाटेनं चालले आणि कुणाच्या परवानगीनं नव्हे, आपला हक्क समजून चालले, तर ती वाट कायमची लोकांची होते. पण मालकानं आपणहून मोकळीक दिली असेल, तर हक्क तयार होत नाही. दिलेली मोकळीक त्याला किंवा त्याच्या वारसाला परत घेता येते. म्हणजे कुरकुरणाऱ्या मालकाची वाट जाते आणि मोठ्या मनाच्या मालकाची राहते. मावशीला हे नव्या साहेबांनी समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे म्हाताऱ्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

साहेब हसले नाहीत. खुर्चीत जरा पुढे सरकले. "त्यांनी काय म्हटलं, ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही."

"मग झालं तर," साहेब म्हणाले, आणि फाइल मिटली.

अर्जावरच्या सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी, दर रविवारी तळ्यावर जाणाऱ्या मंडळींचे चिटणीस घरी आले. ते दंतवैद्य. तीन मजले चढून आल्याबद्दल त्यांनी आधी जिन्याला नावं ठेवली, मग चहा घेतला.

"मावशी, उद्या तुम्हाला एकच प्रश्न येणार. परवानगी होती का? मी आयुष्यभर लोकांना तोंड उघडा म्हणत आलोय. मिटून ठेवा, असं पहिल्यांदाच सांगतोय."

"दुखलं तर?" मावशीनं विचारलं.

"थोडं दुखेल. पण तीनशे माणसं दर आठवड्याला वर जातात, त्यांचा विचार करा. मास्तरांचा करा."

ते गेल्यावर नवरा कपबश्या उचलायला लागला. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद झाल्यापासून घरातली भांडी त्याच्याकडे आहेत.

"काय ठरवलंस?"

"काही नाही. अहो, मला कंटाळा आलाय. वाट बंद झाली तर ती घळ उघडावी लागेल. ती कोण उघडणार? मीच ना. या गुडघ्यांनी."

"मग गप्प बस. तुझं काय जातं?"

"माझं काहीच जात नाही," ती म्हणाली, आणि पाय उशीवर ठेवून भिंतीकडे बघत राहिली.

सुनावणी तळमजल्यावरच्या लांबट खोलीत झाली. पंखा एकाच बाजूला फिरत होता, त्यामुळे त्या बाजूच्या खुर्च्या आधी भरल्या. चौकशी अधिकारी एक तरुण बाई होत्या, त्यांना सर्दी झाली होती. दंतवैद्यांनी तेवीस वर्षांचे फोटो मांडले. मास्तरांनी उभं राहून सांगितलं की ही वाट नसती तर मी शहर वरून कधी पाहिलंच नसतं. पुतण्या म्हणाला, "काका कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. त्यांनी याला हो म्हटलं की दुर्लक्ष केलं, मला माहीत नाही. मी खोटं कशाला सांगू?"

मग मावशीला बोलावलं.

"या वाटेवर खुणा तुम्ही केल्यात?"

"हो."

"तुम्हाला किंवा खात्याला जमिनीच्या मालकानं कधी परवानगी दिली होती का?"

समोर साहेब पेनाचं टोपण लावत-काढत होते. मावशीच्या मनात मोठं काही आलं नाही. तिला म्हाताऱ्याची बाटली आठवली. उन्हानं कोमट झालेलं पाणी, त्यात किंचित प्लास्टिकचा वास. त्यानं न मागता दिलं होतं. आता इतक्या लोकांसमोर त्यानं काही दिलंच नाही, असं कसं म्हणायचं? दिलेलं नाकारायचं म्हणजे देणाऱ्यालाच पुसून टाकणं.

"दिली होती," ती म्हणाली. "तोंडी. पहिल्याच दिवशी. चूक माझी होती, मी वाट सोडून त्यांच्या बागेत खुणा मारल्या. ते म्हणाले, येऊ द्या लोकांना."

दंतवैद्यांनी फोटो गोळा केले, कडा जुळवल्या आणि पिशवीत घातले. दारात पुतण्यानं तिला गाठलं. "मावशी, तुम्ही बोलला नसता तर मी हरलो असतो."

"मला माहीत आहे."

"कुंपण तर मी घालणार."

"घाला की. जमीन तुमची आहे."

पुढचा महिनाभर ती खुणा खरवडत होती. तारेचा ब्रश, पाण्याचा डबा, चाळीस दगड, ऐंशी बाजू. तेवीस वर्षांचे थर होते. वरचा चटकन निघे, खालचा दगडाला धरून बसलेला. जाता-येता भेटणारी माणसं पूर्वी थांबून बोलायची, आता मान फिरवून पुढे जायची. चपलांच्या दुकानातली एकजण थांबली आणि एवढंच म्हणाली, "मावशी, गप्प बसता आलं नाही का हो?" मावशी म्हणाली, "नाही ना आलं."

मग घळ. तेवीस वर्षांत तिथं कोयता लागला नव्हता. काटेरी झुडपं माणसाच्या डोक्यावरून गेलेली, पायऱ्यांचे दगड चिखलात रुतलेले. साहेबांनी दोन माणसं दिली, आठवड्यानं एकाला कारंज्याच्या कामावर परत बोलावून घेतलं. रविवारच्या मंडळींपैकी तिघं कोयते घेऊन आली, त्यातले दंतवैद्य एक. जेवायच्या वेळेपर्यंत त्यांचा तळवा सोलवटला. "या हातानं उद्या लोकांच्या दाढा काढायच्या आहेत," असं म्हणून ते गेले. पण पुढच्या रविवारी हातमोजे घालून परत आले. बाकीचे दोघे आले नाहीत.

घळ उघडली तेव्हा ती जशी होती तशीच निघाली: उभी, ओली, निसरडी. कायद्यानं मात्र पक्की, कुणाच्याही मनाच्या मोठेपणावर न टांगलेली. मावशीनं पहिल्या वळणापर्यंत नव्यानं पायऱ्या बसवल्या, बुटक्या, एका पायाला झेपतील अशा. त्यापुढं कातळ सरळ वर जातो. तिथं कुणाचाच इलाज नव्हता.

मास्तर एका सकाळी एकटेच आले. सुनावणीनंतर ते तिच्याशी बोलले नव्हते. काठी टेकत, दर पायरीला थांबत ते पहिल्या वळणापाशी पोचले आणि वरच्या कातळाकडे पाहत राहिले.

"हे मला जमायचं नाही."

"नाही जमायचं," मावशी म्हणाली. ती चिखल उपसत होती.

"इथून काय दिसतं?"

"काही नाही मास्तर. झाडं. आणि खाली झरा, पण तो ऐकू येतो, दिसत नाही."

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, मावशीच्या शेजारचा एक सपाट दगड हेरला, काठीनं त्यावरची पानं बाजूला केली.

"सरका जरा," ते म्हणाले. "बसतो."