मेरोएच्या भट्टीची दोनशे दहा वर्षं

दुपारी पावणेतीनला हेमांगी दातार काचेच्या टेबलावर हात पसरते आणि त्यावर डोकं टेकते. पाचच मिनिटं, असं ती स्वतःला बजावते. शेजारच्या खोलीत मोजणीचं यंत्र घुमतंय. समोर शोधपत्रिकेला पाठवायच्या दुरुस्तीच्या पत्राचा कागद आहे. त्यावर तारीख आणि 'महोदय' एवढंच लिहिलेलं. गेले आठ दिवस एवढंच.

खरं तर पत्र चार ओळींचं आहे. सुदानमध्ये नाईलच्या काठी मेरोए नावाचं शहर होतं, कुश राज्याची राजधानी. तिथे लोखंड गाळायच्या भट्ट्या होत्या. लोखंड गाळून उरलेल्या काळ्या मळीच्या टेकड्या तिथे अजून पडून आहेत. सव्वीस वर्षांपूर्वी फणसेबाईंनी याच प्रयोगशाळेत तिथल्या एका भट्टीचं वय काढलं, आत सापडलेल्या कोळशावरून. तो आकडा बाईंच्या नावाने ओळखला जातो. बाईंना जाऊन तीन वर्षं झाली. आणि आता हेमांगीने त्याच नमुन्याच्या पिशवीतला दुसरा कोळसा मोजला, तर भट्टी दोनशे दहा वर्षांनी धाकटी निघाली.

चूक कुठे झाली, तेही तिला ठाऊक आहे. पहिला तुकडा तिनेच निवडला होता, बाईंची विद्यार्थिनी असताना. पिशवीतला सगळ्यात मोठा, सगळ्यात देखणा. जाड खोडाच्या गाभ्यातला. गाभ्याचं लाकूड झाड तुटायच्या कितीतरी आधी वाढायचं थांबलेलं असतं. ते आगीचं वय सांगत नाही. हा संशय बाई असतानाच आला होता. बोलायचं राहून गेलं.

यंत्राचं घुमणं लांब लांब जातं.

"दार लाव गं, वाळू आत येते."

फणसेबाई स्टुलावर बसल्यात. निळी सुती साडी, पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट.

"बाई, तुम्ही तर..."

"गेले. माहितीये मला. तू जेवलीस का?"

"हो."

"थाप मारू नकोस. चेहरा बघ."

हेमांगी दार लावायला उठते. दाराबाहेर नेहमीचा लांब बोळ आहे, पण फरशी दिसत नाही इतकी वाळू. नमुन्यांच्या कपाटांच्या जागी पिरॅमिड उभे आहेत, अरुंद, टोकदार, एकमेकांना खेटून. बाई पुढे, हेमांगी मागे. जिना चढतात तो जिना नसतो, मळीची टेकडी असते. माथ्यावर भट्टी पेटलेली. दोन माणसं भाते दाबतायत आणि एकमेकांना काहीतरी ओरडून सांगतायत. शब्द स्वच्छ ऐकू येतात, अर्थ मात्र लागत नाही.

"इथेही तीच बोंब," बाई म्हणतात. "ह्यांची लिपी वाचता येते, भाषा कळत नाही. मेल्यावर तरी कळेल म्हटलं होतं!"

हेमांगीला हसू येत नाही. घशाशी आलेलं ती एकदाचं बोलून टाकते.

"बाई, तो तुकडा गाभ्यातला होता. मी निवडलेला. आपला आकडा चुकला."

भाते थांबतात. बाई तिच्याकडे चष्म्यावरून बघतात.

"कितीने?"

"दोनशे दहा. पंचवीस इकडे-तिकडे."

"कशावर काढलंस?"

"काटकीवर. वाढीची पाचच वलयं, साल शाबूत."

"कितीदा?"

"चारदा."

"चारही जुळतात?"

"जुळतात."

बाई मळीवरच फतकल मारून बसतात आणि हुश्श करतात, जिने चढून आल्यावर करायच्या तसं.

"सुटले बाई! अगं, राजदरबार आधी उत्तरेला, नपाताला. माझ्या आकड्याने ही भट्टी दरबार इकडे यायच्या कितीतरी आधीच पेटलेली. जो भेटेल तो विचारायचा, इतकं लोखंड कुणासाठी हो? मी मधेच पाणी प्यायचे. सव्वीस वर्षं पाणी पितेय."

"पण तुमचं नाव..."

"नावाला काय होतंय? निवडलास तू, पण नळीत कोणी घातला? मी विचारलं का तुला, कुठल्या भागातला आहे म्हणून? मलाही मोठाच हवा होता. हावरटपणा दोघींचा."

"मग दोघींची नावं लिहू?"

"लिही. माझं आधी. सेवाज्येष्ठता आहे की नाही काही?"

आता हेमांगी हसते. हसताना डोळ्यांतून पाणी येतं आणि ते पुसायला हात वर करते, तर हातात पांढरा हातमोजा.

"काढ तो," बाई म्हणतात.

"बाई, हाताचं तेल लागेल. नमुना बिघडतो."

"बिघडू दे. हा मोजायचा नाहीये."

त्या स्वतःच तिचा मोजा ओढून काढतात, भट्टीच्या तोंडाशी वाहून थिजलेल्या मळीचा एक तुकडा उचलतात आणि तिच्या उघड्या तळव्यावर ठेवतात. जड, अजून कोमट. वरून दोरखंडासारख्या वळ्या. वितळलेली मळी वाहता वाहता थांबली की तशाच राहतात.

"घट्ट धर. अजून घट्ट."

हेमांगी मूठ आवळते. भाते पुन्हा सुरू होतात, त्यांचा आवाज जवळ जवळ येतो, एकसुरी होतो आणि शेजारच्या खोलीतलं यंत्र होतो.

तीन वाजून दहा मिनिटं. मान अवघडली आहे. उजवी मूठ मिटलेली, ती उघडते. मूठ रिकामी आहे. तळव्यावर मात्र चार समांतर खोल वळ, अंगठ्याकडून करंगळीकडे वाकत गेलेले. ती टेबलावरून हात फिरवते. काच सपाट, गार.

कातडीवरचे वळ दहा-पंधरा मिनिटांत उतरतात, हे तिला माहीत आहे. ती त्याच हाताने पेन उचलते आणि 'महोदय'च्या खाली एका दमात लिहिते: 'मनोरमा फणसे आणि मी यांनी दिलेले मेरोए येथील भट्टीचे वय चुकीचे होते.'

ओळ संपवून ती तळवा पुन्हा उघडते. तीन वळ फिकटलेत. चौथ्यावर बोट दाबलं की अजून दुखतं.