जऊळक्याची डांगरवाडी

ता. १८ फेब्रुवारी १९३४, सकाळी सहा वाजता वऱ्हाडातल्या मालेगावाहून निघालो. येथे पुतण्याची शेती आहे. त्याच्याकडे मी पाहुणा होतो. आमच्या सातारा भागात डांगरवाडी (कोरड्या नदीच्या वाळूत केलेली खरबुजांची वाडी) कोणी फारशी पाहिलेली नाही. ती पाहावी, एवढाच हेतू. पुतण्याने छकडा (लहान बैलगाडी) आणि गणपत नावाचा गाडीवान दिला.

रस्ता काळ्या रानातून जातो. कापूस वेचून झाला होता. पऱ्हाट्या उभ्या होत्या. वाटेत एका ओढ्यात चाक रुतले. मला उतरून रेटावे लागले आणि धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले. गणपत म्हणाला, ‘‘आता तुमी वऱ्हाडचे झाले, बाबाजी.’’

जऊळक्याखाली नदीचे पात्र रुंद आहे. पाणी एका काठाने, हातभर रुंदीचे. बाकी सर्व पांढरी वाळू, आणि त्या वाळूवर हिरव्या वेलांच्या ओळी. इतक्या ओसाड जागी इतके हिरवे मी पाहिले नव्हते. पानांखाली मुठीएवढी फळे धरली होती.

वाडी सखाराम भोई आणि त्याची बायको कौतिका यांची. काठावर त्यांचे पऱ्हाट्यांचे खोपटे आणि शेजारी खताचा ढीग. कौतिकाने ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कोवळ्या डांगराची भाजी वाढली. भाजी उत्तम होती.

‘‘दिवाळीच्या पाठी लावली थे वाहून गेली,’’ सखाराम म्हणाला. ‘‘हे दुसरी. पंधरा दिवसानं मालेगावच्या बाजारात नेतो.’’

‘‘नदीवर भरवसा ठेवता?’’ मी विचारले.

‘‘नदी हिची सासू हाये, बाबाजी. घेऊन जाते अन् बोलू देत नाई.’’

कौतिका तव्यावरून न वळता म्हणाली, ‘‘सासूनं एखांद्या साली देलं तरी. तुमी काय देलं?’’

गणपतला ठसका लागला.

तिच्या कमरेला लुगड्याच्या ओच्यात एक पुरचुंडी होती. तीत बी होते. या लोकांची रीत अशी, की सगळे बी कधी पेरायचे नाही. निम्मे वाळूत, निम्मे बाईच्या कमरेला. नदीकाठी खोपट्यात ते ठेवीत नाहीत, कारण खोपटेही जाते.

दुपारी दक्षिणेच्या डोंगरावर आभाळ काळे झाले. आमच्या डोक्यावर ऊन होते. सखाराम उठून वाळूला कान लावून निजला आणि लगेच ओरडला, ‘‘वर चला! वर!’’

आम्ही दरडीवर पोहोचलो. प्रथम काही दिसले नाही. दूर दळण चालावे तशी घरघर तेवढी येत होती. मग वळणावरून फेसाची एक रेघ कोरड्या वाळूवर सरकत आली. तिच्यापुढे वाळकी पाने धावत होती, आणि मागे पाणी पुरुषभर उंच, तांबूस, मुळांसकट उपटलेल्या झाडांनी भरलेले. वर स्वच्छ ऊन आणि खाली तो लोंढा. मी आयुष्यात पुष्कळ पाहिले आहे. त्या क्षणी मी नकळत एक पाऊल मागे सरलो. हिरव्या ओळी एकामागून एक मिटत गेल्या. खोपटे फिरले, तरंगले, गेले.

कौतिका दरडीच्या टोकाशी उभी राहून नदीवर ओरडली, ‘‘भवाने! पिकू तरी द्या लागत होतं!’’ मग खाली बसून ती मोठ्याने रडली. सखाराम तिच्याकडे पाहत नव्हता. त्याच्या हातात वाडीतले एकच हिरवे फळ होते. ते त्याने केव्हा तोडले, कोण जाणे.

उन्हे कलेपर्यंत पाणी उतरले. मी निघण्याची तयारी करीत होतो, तोच कौतिका उठून खाली उतरली, पुरचुंडी पाण्यात बुडवून पिळली आणि पुन्हा कमरेला घट्ट खोचली. अंगाच्या उबेने दोन दिवसांत मोड येतात. मग ती वाळूत बसून हाताने आळे खोदू लागली. वाळू ओली आहे तोवरच आळ्याची कड उभी राहते. वाळली की ढासळते.

मी जवळ जाऊन म्हणालो, ‘‘आणि हेही वाहून गेले तर?’’

‘‘तवा पाहू. तुमी सरका, बाबाजी, माह्या आळ्यावर उभे हाये तुमी.’’

मी सरकलो.

दरडीवर बसलेल्या सखारामने मान वर केली. ‘‘आळे खोदून काय करतं व? खत गेलं ना सारं. नुसत्या वाळूत वेल धरते काय?’’

तिचे हात थांबले. काठावर खताचा ढीग होता तेथे आता गुळगुळीत चिखल होता. बी होते, ओल होती, खत नव्हते. मग ती पुढचे आळे खोदू लागली.

परतीच्या वाटेवर गणपतने विचारले, ‘‘काहून गप बसले?’’ पुरासमोर हात जोडावेसे वाटले, त्यात नवल नव्हते. पूर ओसरल्यावरही तसेच वाटत राहिले, आणि समोर तर वाळू उपसणारी एक बाई तेवढी होती.

दिवेलागणीस मालेगावी पोहोचलो. गणपतला बैल लगेच सोडू दिले नाहीत, गाडी आधी गोठ्यामागे घ्यायला लावली. पुतण्याला सांगितले की गोठ्यामागचे कुजलेले खत गाडीभर पहाटे जऊळक्यास जाईल.

‘‘काका, ते आपल्या वावरासाठी राखलेलं आहे.’’

‘‘ठाऊक आहे,’’ मी म्हणालो, आणि पहिले घमेले भरून गाडीत टाकले.