तालमीची खोली आणि चौदा टिपाडं

आमच्या घराची पुढची खोली सरकारी कागदावर फक्त गाण्याची होती.

त्या वर्षी लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादेतनं फायली आल्या, साहेब आले, साहेबांच्या जीपा आल्या. पाणी काही आलं नाही. (ते उस्मानाबादेतही नव्हतं, तिथनं काय आणणार?) नळ दहा दिवसांतनं एकदा यायचा, तोही खोकत. बाकी सगळी मदार टँकरवर.

मी गायन पार्टीवाला. जयंतीच्या दिवसांत उदगीरपासून धर्माबादपर्यंत रोज एक गाव. वीस वर्षं गात होतो, पण रेशन कार्डावर व्यवसायाच्या रकान्यात कारकुनानं 'काही नाही' असं लिहून ठेवलेलं. ते आठवलं की माझं डोकं फिरतं. आत्ता लिहितानाही फिरलं. त्यात नांदेडच्या एका कार्यक्रमात माझ्या मानधनातनं कर कापला. म्हणजे काम नाही म्हणायचं, आणि त्या नसलेल्या कामावर कर घ्यायचा! मी तणतणत मुजीब वकिलांकडे गेलो. गल्लीच्या तोंडाशीच ते लोकांचे कराचे कागद करत बसायचे.

"गायकसाब, बसा आधी," ते म्हणाले. "गाणं तुमचा पेशा हाय ना? घरात तालमीला वेगळी खोली हाय का?"

"हाय की."

"मग ती खर्चात दाखवू. तिथं फक्त तालीम होते, असं लिवायचं. साहेबानं मानलं तर शिक्का बसतो, तुमी पेशानं कलाकार."

पैशाचं मला काही नव्हतं. मला तो शिक्का पाहिजे होता. मी तिथल्या तिथं सही ठोकली.

वकिलांना एक गोष्ट सांगायची तेवढी राहिली. खोलीत पाणी होतं. पक्की फरशी आणि दाराला धड कुलूप, अशी गल्लीत ती एकच खोली. पाण्याच्या चोऱ्या व्हायला लागल्या तशी सगळ्या गल्लीनं आपापली पाण्यानं भरलेली टिपाडं आमच्याकडे आणून ठेवली. चौदा टिपाडं, प्रत्येकावर ऑइलपेंटनं मालकाचं नाव. किल्ली माझ्या बायकोच्या, कमलच्या कमरेला. माझी पेटी एका टिपाडाच्या झाकणावर असायची आणि मी दोन टिपाडांच्या फटीत उभा राहून गायचो.

दोन आठवड्यांनी कर खात्याची चिठ्ठी आली. मंगळवारी अकरा वाजता इन्स्पेक्टर खोली बघायला येणार.

"टिपाडं हलव," मी कमलला म्हणालो.

"कुठं हलवू? डोस्क्यावर?"

"गल्लीत ठेव."

"लोकाचं पाणी हाय ते. मी न्हाई हात लावत. शिक्का तुमाला पायजे, तुमीच ढकला."

मंगळवारी सकाळी सहापासून मी ढकलत होतो. पहिलं टिपाड बाहेर आलं, तसे शेजारचे सोपानमामा आले. "आमचं पानी उनात का म्हनून?" मी ओरडलो. दुसरं आलं, तशी शांताबाई आली. तिला झाकण सापडेना. मी ओरडलो. असे चौदा मालक आले आणि चौदाही जणांना मी पुरून उरलो. नवव्या टिपाडात एका म्हशीनं तोंड घातलं. मी म्हशीवर ओरडलो, मग म्हैसवाल्यावर, मग परत सोपानमामांवर, कारण ते हसत होते. कमल उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "गळा संबाळा जरा." मी तिच्यावरही ओरडलो.

अकराला खोली रिकामी झाली. सतरंजी अंथरली, पण ती अर्ध्याच खोलीला पुरली. इन्स्पेक्टर आले, बूट काढून आत आले आणि उघड्या फरशीकडे बघत राहिले.

"हे गोल कसले?"

"साथीदार बसतात," मी म्हणालो. आवाज जरा बसल्यासारखा वाटला, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही.

"इतके गोल?"

"अंगानं भरलेले आहेत."

त्यांनी वाकून बोट लावलं. "ओल आहे ही."

"घाम. तालीम कडक असते आमची."

इन्स्पेक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "बरं, दोन ओळी म्हणा."

मी पेटी ओढली, सूर धरला, तोंड उघडलं. बाहेर आली नुसती हवा. परत जोर लावला. आटलेला हापसा मारल्यावर येतो तसला आवाज आला.

"हे गातात?" इन्स्पेक्टरांनी कमलला विचारलं.

"हाव साहेब. पर सकाळधरनं भांडायलेत ना."

"कुणाशी?"

"मानसं, बाया, म्हस. कुनाला सोडलं न्हाई."

इन्स्पेक्टरांनी पेनाला टोपण लावलं. वीस वर्षं गाऊन आज पुरावा द्यायची वेळ आली, आणि गळा मी टिपाडांवर घालवला होता. डोळ्यांत पाणी आलं. (रागानं आलं, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं.) कमलनं ते बघितलं, हात पदराला पुसले, पेटी स्वतःकडे ओढली आणि मला म्हणायचं होतं तेच गाणं तिनं धरलं.

भाकरी थापता थापता भिंतीपलीकडनं वीस वर्षं ऐकलेलं गाणं. माझ्या सगळ्या हरकती होत्या, आणि जिथं मी दर वेळी घसरतो तिथं ती घसरलीही नाही. सकाळी भांडून गेलेली गल्ली दारात येऊन उभी राहिली. इन्स्पेक्टरांनी अजून एक गाणं म्हणायला लावलं, तांब्याभर पाणी पिऊन ते गेले. संध्याकाळी टिपाडं आपापल्या गोलांवर परत आली.

महिन्याभरानं मुजीब वकिलांनी निकाल वाचून दाखवला. "'सदर खोलीत गायनाची नियमित तालीम होते, याची खात्री पटली.'"

मी उडालोच. "बघा!"

"फुडं तर ऐका, गायकसाब. 'कलाकार, अर्जदाराची पत्नी. अर्जदाराचा कोणताही व्यवसाय तपासात आढळला नाही.'"

कागदावर शिक्का मात्र झकास उठला होता. कमलनं तो कागद खोलीत भिंतीला लावला आणि किल्ली परत कमरेला खोचली. खोली आता कागदावरही तिचीच झाली होती, म्हणून पुढं पाऊस पडेपर्यंत मी तालीम केली ती टँकरच्या रांगेत. तिथं माझा आवाज लागायचा, आणि तो माझाच आहे याबद्दल गल्लीत कुणालाही शंका नव्हती.