चोवीस किलोंचे पेडल

माझ्या पत्नीच्या डाव्या पायाची ताकद मी एकदा वजनकाट्यावर मोजली होती.

विमलला जाऊन आज एक वर्ष झाले. अशा दिवशी काय लिहावे, याचे संकेत मला ठाऊक आहेत. तरीही मी क्लच आणि फ्लायव्हीलविषयी लिहिणार आहे.

ऐंशी-एक्याऐंशीचा सुमार. आम्ही इंदिरानगरला राहत होतो. मी सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. विमल सुरगाण्याच्या बाजूला एका निवासी शाळेत विज्ञान शिकवत असे. सोमवारी सकाळी जायची, शनिवारी परतायची.

आमच्याकडे जवळजवळ आमच्याच वयाची एक जुनी विलायती गाडी होती. ती विमल चालवत असे. माझ्यापेक्षा चांगली.

वणीच्या पुढे घाटात गाडी दमायची, म्हणून मी इंजिन सुधारायला घेतले. सिलिंडर बोअर करून रुंद केले, दुसरा कार्बोरेटर बसवला. ताकद वाढली आणि जुना क्लच घसरू लागला. इंजिन ओरडायचे, गाडी मात्र जागची हलायची नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या टोकाला फिरणारे जड चाक. क्लचची तबकडी त्यावर स्प्रिंगांनी दाबून धरलेली असते. घसरत असेल तर अधिक जोराने दाबा, इतके सरळ गणित.

मी जीपच्या कडक स्प्रिंगा आणल्या.

आमचे दगू मिस्त्री मूळचे दिंडोरीकडचे. त्यांनी त्या बसवल्या, पेडल दाबून पाहिले आणि माझ्याकडे वळले.

"साहेब, लय कडक झालंय. वहिनींना जमंल का?"

"सवय होईल," मी म्हणालो.

विमल लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती. डावा पाय मोडला होता. हाड जुळले, पण तो पाय बारीकच राहिला.

लग्नाला सहा वर्षे झाली होती. पायाचे हे सारे मला ठाऊक होते.

पुढच्या सोमवारी ती एस.टी.ने वणीपर्यंत आणि तिथून जीपने गेली. त्याच्या पुढच्याही.

"अहो, पेट्रोल किती महाग झालंय. शिवाय जीपमध्ये सोबत असते."

मला ते पटले. खरे सांगायचे तर आठवडाभर मित्रांना इंजिन दाखवायला गाडी मोकळी मिळते, याचा आनंदच झाला.

महिनाभराने एका रविवारी गाडी फाटकाबाहेर काढायची होती. मी आत बूट घालत होतो, म्हणून ती बसली. खिडकीतून मी पाहिले. ती डाव्या हाताने स्वतःचाच गुडघा खाली दाबत होती. क्लच तिच्या नुसत्या पायाने दबून राहत नव्हता.

मी बाहेर आलो. "बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुमचं गणित बरोबरच होतं. त्यात मी नव्हते, एवढंच."

ती रागावली असती तर बरे झाले असते. पण ती विज्ञानाची शिक्षिका होती. तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला. "हे पेडल दाबायला नक्की किती जोर लागतो हो?"

मी ते कधी मोजलेच नव्हते.

पुढच्या शनिवारी तिने शाळेतला मुलांचे वजन करायचा काटा आणला. मिस्त्रींनी तो पेडलवर धरला आणि वरून दाबला. चोवीस किलो. मग विमलला स्टुलावर बसवून काटा समोरच्या भिंतीला उभा टेकवला. एकदाच दाबायचे तर ती चोवीसपर्यंत पोचायची. मिनिटभर धरून ठेवायचे तर बारा.

"पास की नापास?" तिने विचारले.

"वहिनी, तुम्ही पास. साहेब नापास," मिस्त्री म्हणाले.

त्या दिवशी आम्ही गणित उलट्या बाजूने मांडले. आधी बारा किलो लिहिले, मग इंजिन.

"स्प्रिंग मऊ ठेवून तबकडीच मोठी घेतली तर?" विमल म्हणाली. "पकड वाढेल ना?"

वाढेल. पण मोठ्या तबकडीला मोठे फ्लायव्हील लागते, आणि मला तर होते तेही लेथवर कातून हलके करायचे होते. खडूने खूणसुद्धा करून ठेवली होती.

"हलकं कशाला?"

"इंजिन झटकन वेग घेतं."

"आणि जड असलं तर?"

"एकदा फिरू लागलं की सहजासहजी थांबत नाही."

"मग चढावर थांबून पुन्हा निघताना इंजिन बंद पडणार नाही. मला तेच हवंय. शर्यत कुठे लावायचीय मला?"

मी खडूची खूण पुसली.

भंगारातून एक मोठे, जाड फ्लायव्हील मिळाले. नवी भोके पाडून मिस्त्रींनी ते मोठ्या तबकडीसह आणि मऊ स्प्रिंगांसह बसवले, चाक डगमगू नये म्हणून तोलूनही घेतले. काटा पुन्हा पेडलवर धरला. साडेअकरा.

वणीच्या पुढे घाटात, ऐन चढावर, विमलने मुद्दाम गाडी थांबवली. मी शेजारी. माझा हात हँडब्रेकवर.

"हात काढा तिथून."

मी काढला. तिने क्लच सावकाश सोडला. गाडी वीतभरही मागे न येता निघाली.

मागच्या सीटवरून मिस्त्री म्हणाले, "वहिनी, आता साहेबांना मागं धाडा. मी येतो फुडं."

ती इतकी हसली की पुढच्या वळणावर तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ती चालवत राहिली. जुन्या गाड्यांचे शौकीन मला विचारत, एवढे जड फ्लायव्हील का? मी सांगे, घाटासाठी. उत्तर चूक नव्हते. अपुरे होते.

तिने मला एकदाच विचारले होते, "माझ्या पायाचं मिस्त्रींना सुचलं, तुम्हाला का नाही हो सुचलं?"

मी म्हणालो, "दुरुस्त केलं ना आता?"

ती "हो" म्हणाली आणि विषय संपला. माझ्यापुरता संपला. तिच्यापुरता संपला होता का, हे मी चाळीस वर्षांत विचारले नाही.

विमल, मी स्प्रिंगा बदलल्या, तबकडी बदलली, फ्लायव्हील बदलले. तुझी क्षमा मात्र मागितली नाही.

आज मागतो. सर्वांसमक्ष.

तुला माझा अखेरचा, मनःपूर्वक नमस्कार.